जुन्या कॉम्प्युटरला फसवताना

आमच्या शेजारच्या काकांइतका खरं बोलून माणसं दुखावणारा सज्जन अख्ख्या काचीगुड्यात दुसरा नव्हता. ताईला बघायला अंबरपेठची मंडळी आली, त्यांनी शेजारी म्हणून काकांकडे सहज चौकशी केली, तर मुलगी गुणी आहे पण तिच्या रागाला औषध नाही, असं काकांनी तपशिलासकट सांगून टाकलं. बाबा चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. लग्न तरीही झालं, आणि काकांनी किती आवरतं घेतलं होतं हे आता आमचे भावोजी सांगतात.

निवृत्त होताना काकांनी कचेरीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून लावलेला असे, आणि माणसं घामाघूम. पण तो खरा वापरला काकूंनी. नातवंडांना मराठी अक्षरं वाचता येत नसत, म्हणून त्यांनी इंग्रजी लिपीत तीसेक मराठी गोष्टी टाइप केल्या. मग काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि त्याच सुमाराला कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. दहा मिनिटं चाले, मग गप्प. फ्लॉपीचा खाना आधीच बिघडलेला. गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि काकू त्या पुन्हा लिहू शकणार नव्हत्या.

ते दिवस बाजारात रोज नवा माल येण्याचे. काकांनी नारायणगुड्याहून दहापट जागेची नवी डिस्क आणून जोडली, तर म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ती ओळखताच येईना. त्याला माहीत असलेल्या डिस्कांची यादी आतच भरलेली होती, आणि तीत एवढी मोठी डिस्कच नव्हती. दुकानदार स्वतः येऊन बघून गेला आणि जाताना उपाय सांगितला, "मशीनकू छोटी डिस्क है बोलके बोलो काका, चुपचाप मान लेती."

"बुढ्ढी हो गई बोलके उसकू धोका देना?" काका म्हणाले, आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पुढचे आठ दिवस त्यांनी तारा बदलल्या, पिना पुसल्या, डिस्क आडवी ठेवली, उभी ठेवली. जुनी डिस्क रोज थोडी जास्त कण्हत होती. शेवटी मी चिडून म्हणालो की तुमच्या सत्यापायी काकूंच्या गोष्टी जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कॉम्प्युटरला नमस्कार करून त्यांनी नव्या डिस्कच्या जागी यादीतली एक लहान डिस्क निवडली. मशीनने ती मुकाट्याने खरी मानली. रोज दहा-दहा मिनिटं करत गोष्टी नव्या डिस्कवर उतरल्या. चार राहिल्या असताना जुनी डिस्क थांबली, ती कायमची.

काकूंनी आतून विचारलं, "आल्या का हो सगळ्या?"

"सगळ्या आल्या," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग महिनाभर ते दार लावून टाइप करत बसले. आठवतील तशा त्या चार गोष्टी त्यांनी लिहून काढल्या, मला त्या काकूंना वाचून दाखवायला बसवलं आणि स्वतः भाजी आणायला निघून गेले. चौथी संपल्यावर काकू हसल्या. म्हणाल्या, "माझ्या गोष्टीतला कोल्हा चोरी करून पळून जातो रे. हा तर खुद येऊन कबूल करायलाय. ह्यांना काही बोलू नको बरं."

आता दोघंही नाहीत, आणि मला दोघांची फार आठवण येते. नातवंडांना सगळ्यांत जास्त ती कोल्ह्याचीच गोष्ट आवडते. आजीने किती छान लिहिलीय, असं ती म्हणतात, आणि मी हो म्हणतो.