कोटाचं तिसरं बटण

माझ्या मामाचं म्हणणं असं, की जग बटणामुळे बिघडतं. हे तो अगदी गंभीरपणे सांगायचा, चष्मा कपाळावर चढवून. माणूस सकाळी घाईत शर्ट अंगात घालतो, छातीवरचं बटण जागेवर नसतं, त्याचं डोकं फिरतं. तो बायकोवर खेकसतो. बायको मुलीवर. मुलगी शाळेत जाऊन शेजारणीची वेणी ओढते. त्या शेजारणीचा बाप भांडायला येतो, आणि असं करत करत मामा पार दोन देशांच्या लढाईपर्यंत जाऊन पोचायचा. "आता समज, ते बटण आदल्या दिवशीच कोणी गुपचूप लावून ठेवलं असतं तर?"

"तर सगळं सैन्य घरी जाऊन झोपलं असतं," मी म्हणायची.

"थट्टा कर तू. तुला काय!"

आम्ही दोघं एकाच लाँड्रीत कामाला आहोत. पुढे काउंटरवर मी, मागे तपासणीच्या टेबलावर मामा. आलेला प्रत्येक कपडा आधी त्याच्याकडे जातो. खिसे उलटे करायचे, कॉलर आणि बाह्यांच्या कडा दिव्याखाली धरायच्या, डागाभोवती खडूने गोल काढायचा, नंबर टाचायचा. धुऊन, इस्त्री होऊन कपडा पुन्हा त्याच्याच हाताखालून जातो आणि मग त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर चढतं. मालकिणीचा नियम एकच: कपडा जसा आला तसा गेला पाहिजे, फक्त स्वच्छ. गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय सुई लावायची नाही.

मामा तो नियम रोज मोडायचा. गिऱ्हाइकं कपडे टाकून जातात आणि कधीकधी न्यायला येतच नाहीत. असे कपडे वर्षभराने पुसायच्या फडक्यांत जातात. त्याआधी मामा त्यांची बटणं कापून घ्यायचा. एका पसरट डब्यात रंगारंगाने ठेवायचा. मग कुठल्या शर्टाचं बटण गेलेलं दिसलं की जुने धागे चिमट्याने उपटून जागा साफ करायची, डब्यातून जोडीचं बटण शोधायचं आणि लावायचं. बाकीच्या बटणांना टाके आडवे असतील तर आडवे, फुलीचे असतील तर फुलीचे. कोट असेल तर बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन छोटासा देठ करायचा, म्हणजे काज्यात बसताना कापड ओढलं जात नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पण भाजायचा मन लावून.

"कोणाला कळता कामा नये," तो मला बजावायचा. "कळलं की त्यातली मजा गेली."

हे साफ खोटं होतं. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की मामाला हमखास पुढच्या बाजूला काहीतरी काम निघायचं. कधी हँगर हवे असायचे, कधी घड्याळ बघायचं असायचं. तो माझ्या मागे उभा राहून बघायचा, की माणूस कव्हर उचलतो का, शर्टाकडे बघतो का. माणूस फोनवर बोलत बोलत कपडे काखेत मारायचा आणि चालू लागायचा. मामा घड्याळ बघून परत जायचा. त्याला आयुष्यात एकदाच, एकाच माणसाने, "अरे, हे बटण कोणी लावलं?" असं विचारायला हवं होतं. इतकी साधी भूक, आणि तीसुद्धा भागत नव्हती. मला त्या लोकांचा असा राग यायचा की मोड देताना मी नाणी आपटायची.

मामाच्या घरात विचारणारं कोणी नव्हतं. मामी गेल्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. अजून दोघांच्या मापाने स्वयंपाक करतो आणि उरलेलं रात्री तेच खातो. रेडिओवर बातम्या लागल्या की तो रेडिओला उत्तरं देतो. "मग? तुम्ही काय केलंत त्याचं?" असं दरडावून विचारतो. कुठे पूर आला, कुठे बॉम्ब पडले, आणि हा इथे एकटा बसून त्या रेडिओशी बोलतो. आई म्हणते, माझा भाऊ थोडा सरकलाय. मला ते पटत नाही. घरात आवाज हवा असतो माणसाला, एवढंच.

मग तो दिवस आला. थंडी सरली की एक बाई दरवर्षी एक पुरुषी कोट धुवायला आणायच्या. राखाडी, जाड, जुन्या पद्धतीच्या शिलाईचा. बाई साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. आधी कधी बटणाकडे मामाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण कोट नेहमी गर्दीच्या दिवसांत यायचा. त्या वर्षी काम कमी होतं. वरून तिसरं बटण नव्हतं, नुसते दोन-चार धागे लोंबत होते. मामाने डबा पालथा घातला आणि अगदी त्याच रंगाचं बटण शोधून काढलं. बाई कोट घेऊन गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या. कोट काउंटरवर ठेवला.

"हे बटण कोणी लावलं?"

मागे टेबलाची खुर्ची धाडकन मागे सरकल्याचा आवाज आला. मामा हात पुसत, कॉलर नीट करत पुढे आला. चेहरा फुललेला.

"मी लावलं," तो म्हणाला. "बरं बसलंय ना? रंग जुळलाय, फक्त कड जरा—"

"काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना. होतं तसं करून द्या."

मामा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले तरी असते.

"लग्न झाल्यापासून या एका बटणावरून आमचं भांडण," त्या म्हणाल्या. "मी लावून देते म्हणायची, ते लावू द्यायचे नाहीत. रोज थंडीत तेच. ते गेले, पण भांडण राहिलं होतं. कपाट उघडलं की ते धागे दिसायचे, आणि मी म्हणायची, बघा, अजून तसंच आहे. तेवढंच बोलणं व्हायचं आमचं. तुम्ही ते मिटवून टाकलंत."

मामाने कात्री आणली. देठाजवळून दोरा कापला, बटण तळहातावर घेतलं. खाली कापड कोरं करकरीत होतं. जुने धागे त्याने स्वतःच चिमट्याने उपटले होते, एकही मागे ठेवला नव्हता. तो धावत मागे गेला. मी बघितलं तर गुडघ्यांवर बसून केराचा डबा उपसत होता. केर सकाळीच गेला होता, हे त्याला माहीत होतं.

"तसेच धागे लावून देतो," परत येऊन तो म्हणाला. "अगदी तसेच."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "राहू द्या," म्हणाल्या, आणि कोट हातावर टाकून गेल्या.

मालकिणीने सगळं ऐकलं होतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं काहीतरी मामाची समजूत घालण्यासाठी म्हणाली, आणि वर नियमाची आठवणही दिली. तशी ती वाईट नाही. पण ती म्हण इथे लागू नव्हती. बाईंचंच खरं होतं.

त्या दिवसापासून मामाने बटणांच्या डब्याचं झाकण उघडलं नाही. बटण नसलेला शर्ट तसाच पुढे पाठवायचा. काम नीट करायचा, बोलायचा कमी. माझ्या थट्टेला "तुला काय!" म्हणणंही बंद झालं. बऱ्याच महिन्यांनी एकदा दुपारी डबा खाताना त्याने मला विचारलं, "तू पुढे असतेस. कोणी विचारलं का गं?"

"काय?"

"म्हणजे, आधी तुम्ही बटणं लावून द्यायचात, हल्ली देत नाही, असं कोणी?"

खोटं बोलायला मला काही वाटत नाही. गिऱ्हाइकांशी मी दिवसभर बोलते. पण मामाशी जीभ वळली नाही. "नाही," मी म्हणाले.

"एकही नाही?"

"नाही रे मामा."

त्याने मान हलवली आणि तो जेवत राहिला. मी मात्र तो आठवडा सगळ्यांशी वाकड्यात शिरत होते. एका माणसाला तर मी कव्हर उघडून दाखवलं, "गळ्याजवळचं बटण नाहीये, दिसतंय का?" तो म्हणाला, "हो का? पहिल्यापासूनच नसेल." पहिल्यापासूनच! त्याच शर्टाला मामाने आधी दोन वेळा बटण लावून दिलं होतं. आणि मामाचं ते साखळीचं म्हणणं खरं असतं तर आमच्या भागात एव्हाना हाणामाऱ्या व्हायला हव्या होत्या. काही झालं नाही. लोक जितके चिडायचे तितकेच चिडत होते. हे मामाला न कळलेलं बरं, असं मला वाटलं, पण त्याला ते आधीच कळलं होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा बाई आल्या. त्यांची नेहमीची वेळ नव्हती ही. हातात तोच कोट. मामा मागच्या मागे हँगरच्या रांगेत शिरला. मी पावती फाडली, पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"ते नाहीत का? बटणवाले?"

मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मामा आला, आणि काउंटरपासून दोन हात लांब उभा राहिला. बाईंनी कोट उलगडून त्याच्यासमोर पसरला. आणि तिथेच उभ्या राहिल्या. मामाने कोटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"याला एक बटण नाहीये," शेवटी तो म्हणाला, अगदी हळू.

"माहीत आहे मला."

"लावून देऊ?"

"काही गरज नाही."

"गार वारा शिरतो अशाने."

"शिरू दे. कोट मी घालतो ना? मग?"

घालतो, म्हणाल्या त्या, नवऱ्याच्या तोंडचं. मग मामाचा आवाज जरा वाढला, घरातल्या माणसावर वाढतो तसा. "पाच मिनिटांचं काम आहे. लोक काय म्हणतील? घरात कोणी बघणारं नाही म्हणतील."

"म्हणू देत. तू त्या बटणाच्या मागे लागू नकोस."

बाईंनी पावती उचलली, पर्समध्ये नीट ठेवली आणि दार ढकलून गेल्या. रस्त्यावरून वळेपर्यंत मामा काचेतून बघत उभा होता.

मग तो कोट टेबलावर घेऊन गेला. खिसे उलटे केले. कॉलर दिव्याखाली धरली, बाह्या धरल्या. मी खडू घेऊन मागे गेले. "डाग कुठाय?"

"कुठेच नाही. मागे आपण धुतल्यापासून अंगावर चढलेलाच नाही हा."

"मग धुवायचा कशाला?"

"धुवायचा नाही." त्याने कोट हँगरवर चढवला, खांदे नीट केले. "दोन दिवस इथे राहू दे. न्यायला येतील तेव्हा परत विचारतो."

"त्या नाहीच म्हणतील, मामा."

"हो," तो म्हणाला. "पण त्यांना नाही म्हणायला समोर विचारणारं कोणीतरी पाहिजे."

मग त्याने दिवा खाली ओढला आणि पुढचा शर्ट घेतला.