हमीदच्या प्रश्नांखालची जागा

हमीद गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्येच कळलं. चिपळूणच्या नाक्यावर बस नेहमीसारखी थांबली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, पण तो आला नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात पोचायच्या आधीच... त्याची जागा धरायला शेजारच्या सीटवर ठेवलेली माझी पिशवी लोट्यापर्यंत तिथेच होती. उचलायचं मला सुचलं नाही.

लोट्याच्या आमच्या केमिकल कंपनीत देखभालीचं काम आम्ही दोघे बघायचो. तो त्याआधी मस्कतला होता. तिथल्या कारखान्यात एका पाळीला आलेली अडचण संगणकावरच्या सगळ्यांच्या पानावर लिहीत आणि ज्याला ठाऊक असेल तो खाली उत्तर देई. दोन हजार सालानंतर आमच्याकडे संगणक जोडले गेले, तेव्हा हमीदने साहेबांच्या मागे लागून तसंच पान सुरू करवलं. नाव ठेवलं ‘विचारा’. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. वर प्रश्न, खाली उत्तराची जागा. उत्तराने काम झालं की प्रश्नावर ‘मिटलं’ अशी खूण करायची, आणि ती फक्त विचारणाऱ्यालाच करता येणार. उत्तर देणाऱ्याने आपली पाठ आपणच थोपटू नये, हा त्यातला हमीदचा खवचटपणा.

पण आम्ही कोकणातली माणसं. बोलायला बसलो तर घाट संपेल, बोलणं संपणार नाही. लिहायचं म्हटलं की हात आखडतो. लोकांना सवय लागावी म्हणून हमीद स्वतःच प्रश्न टाकायचा, कधी कधी उत्तर माहीत असलेलेसुद्धा. आम्ही ते दुपारी वाचायचो आणि संध्याकाळी बसमध्ये त्याला उत्तरं द्यायचो. सगळ्यांत जास्त मीच. अगदी खुलासेवार, हातवारे करून. तो शांतपणे ऐकून घ्यायचा.

“मला बोललास ता ठीक, सुधीर,” एकदा तो म्हणाला. “माज्या मागून येईल त्याला कोन बोलेल? लिवल्याशिवाय मी मिटलं म्हननार नाय.”

उद्या लिहितो, म्हणालो. माझा उद्या कसा असतो हे त्याला माहीत होतं. तो हसला आणि त्याने डब्यातली उरलेली भाकरी पुढे केली.

तो गेल्यावर पंधरवड्याने मी त्याच्या घरी गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ‘विचारा’वरची त्याची सगळी पानं छापून, फाईलला लावून नेली. बापाने केवढं काम उभं केलं ते लेकीला दिसावं, एवढंच डोक्यात होतं. नेण्याआधी एकदा चाळून बघावं, हे मात्र सुचलं नाही. सना कॉलेजात शिकते. तिने सावकाश पानं उलटली. प्रश्न, खाली कोरी जागा. पुन्हा प्रश्न, पुन्हा कोरी जागा.

“काका, अब्बांना कोणीच उत्तर देत नव्हतं?” तिने विचारलं. “घरी तर सांगायचे, माझी माणसं मला सगळं सांगतात.”

मी बसचं सांगितलं. सगळी उत्तरं दिली होती गं, रोज दिली होती... सांगताना माझं मलाच ते सबबीसारखं ऐकू येत होतं. तिने मान हलवली, ती माझा मान राखायला. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. उभ्या कंपनीत एकट्या पडलेल्या माणसाची फाईल मीच त्याच्या घरी नेऊन दिली होती.

आता जेवणाच्या सुट्टीत मी उत्तरं लिहितो. बसमध्ये जे जे बोललो ते आठवून, त्याच्या प्रश्नांखाली. काही आठवत नाहीत. ती त्यालाच पाठ होती. काल त्याच्या शेवटच्या प्रश्नापाशी पोचलो. पावसात दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग का तापतं, असं विचारलं होतं त्याने. सील कुठे झिजतं, पाणी ग्रीसमध्ये कसं शिरतं, काय बदलायचं, सगळं नीट लिहिलं. कधी नव्हे ते दोनदा वाचूनही पाहिलं.

सनाला आता नवी पानं छापून नेईन. पण एकाही प्रश्नावर ‘मिटलं’ची खूण नसेल. ती करणारा माणूस उत्तरांची वाट बघून गेला.