दुपारी चारची शुभ रात्री

माझ्या मामांइतका संशयास्पद माणूस अख्ख्या झाशीत दुसरा नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. उभी हयात रेल्वेत गेली, त्यातली बहुतेक स्टेशनवर गाड्यांची घोषणा करण्यात. निवृत्त माणसानं एक तर देवळात बसावं, नाही तर गुडघ्यांना तेल चोळावं. या गृहस्थांनी सीपरी बाजारातल्या घराच्या पुढच्या खोलीत 'लेट नाइट शो' काढला. विदेशात असतो म्हणे तसा. पहिला अर्धा भाग राज्यकर्त्यांची टिंगल, दुसरा अर्धा भाग नामांकित पाहुण्याशी गप्पा. नाव 'साढ़े ग्यारह की गाड़ी'. दर शनिवारी रात्री साडेअकराला तो इंटरनेटवर लागतो आणि निळा कोट घातलेले मामा कॅमेऱ्यात बघून म्हणतात, "शुभ रात्रि, झाँसी! सोए तो नहीं?" त्या घटकेला खुद्द मामा अडीच तासांपासून घोरत असतात. चित्रीकरण होतं दुपारी चारला, खिडक्यांना रजया टांगून. कोटाच्या खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा असतो. जो माणूस दुपारी चारला शुभ रात्री म्हणू शकतो, त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा माझा पहिला सवाल होता.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण, कॅमेरा, म्हणजे माझा फोन, मीच धरायचे. आमच्या संघटनेच्या मोर्च्यांची चित्रफीत मी करते, कापाकापी येते, म्हणून मामींनी मला नेमलं. पगार चहा. मे महिन्यात पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, दारं बंद, वर रजया. झाशीच्या उन्हात त्या खोलीत भाकरी भाजून निघाली असती. पाहुण्याच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला की मामा थांबवत, स्वतः उठून हातपंख्यानं वारा घालत आणि म्हणत, "भैया, रात को ओस बहुत पड़ती है आजकल." घामाला दव म्हणायचं, आणि पाहुणाही मान डोलवायचा. अख्खं गाव या खोट्यात सामील होतं, आणि कुणाला त्याची लाज नव्हती.

टिंगल मात्र मामा करत, ती मान्य करावी लागेल. शिवी नाही, आरडाओरड नाही. नाकाशी चष्मा, समोर कागद आणि तो स्टेशनवरचा सपाट आवाज: "यात्रीगण कृपया ध्यान दें. मोहल्ले की नाली, जो पिछली होली पर बननी थी, अगली होली तक विलंब से चल रही है. असुविधा के लिए हमें खेद है. उन्हें नहीं." लोक हसून लोळायचे. पण आज सत्तेतल्यांची खोड काढली की पुढच्या शनिवारी विरोधकांची. मला हे पटत नसे. मी एकदा सरळ विचारलं, "मामा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी प्लॅटफॉर्मच्या बाजूचा, बेटा. गाड्या काय, येतात नि जातात."

असं उत्तर देणाऱ्या माणसाला आमच्या सभेत खाली बसवतात.

आणि दुसरा अर्धा भाग म्हणजे तर निव्वळ लोणी. ओरछ्याला एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं, त्यात आमच्या गल्लीतल्या एकानं प्रेताचं काम केलं. मामांनी त्याला अभिनेता म्हणून बोलावलं आणि चांगली अर्धी दुपार, माफ करा, अर्धी रात्र, "साँस कैसे रोकी?" यावर काढली. त्यानं जमिनीवर आडवं होऊन श्वास रोखून दाखवला, तो इतका वेळ की मामी किंचाळून कांदा आणायला धावल्या. समथरचा एक जुना पैलवान आला; त्याला मामांनी कुस्तीबद्दल एक अक्षर विचारलं नाही, सासूला भितो का एवढंच विचारलं. मी म्हणाले, मामा, त्याच्या आखाड्याची जमीन गेली, ते विचारा की. "ते तो रोज सांगतो," मामा म्हणाले. "इथं पाहुणा आहे तो." शिवाय आदल्या दिवशी पाहुण्याच्या घरी फोन करून त्याला काय सोसत नाही ते विचारायचं आणि शो संपल्यावर जेवू घालून पाठवायचं, हा नियम. मामींचं म्हणणं, हा शो नसून खाणावळ आहे. माझं म्हणणं, ही लाचलुचपत आहे, फक्त उलट्या दिशेनं.

माझी पत्रकं, ज्यांना इथं पर्चे म्हणतात, मामा आवर्जून वाचत. एकदा परत देताना म्हणाले, "मजकूर कडक आहे. पण यात वाचणाऱ्याला श्वास घ्यायला कुठं जागा ठेवलेली नाहीस." मी म्हणाले, श्वास घ्यायला वेळ आहे कुणाला?

तेव्हा खरंच नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीलगत बरुआसागरच्या बायका भाजी घेऊन बसतात. पहाटेच्या बसनं येतात, आलं, अरवी, थंडीत बथुआ, म्हणजे आपला चाकवत. त्यांतली सगळ्यांत जुनी रामकली. वॉर्डाच्या पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, ठराव आणला की या बायकांमुळे रहदारी अडते, यांना बायपासपलीकडच्या मैदानात हलवा. त्या मैदानात वारा आणि शेळ्या सोडून कुणी फिरकत नाही. बायकांचं पोट जाणार हे उघड होतं. मी पर्चे छापले, वाटले, रामकलीला वाचून दाखवले. तिनं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "काए बिन्नू, जे सुनकें बे मान जैहैं?" ते मानतील का, हे मला तरी कुठं ठाऊक होतं. मी म्हणाले, मानावंच लागेल.

त्याच आठवड्यात मामांनी जाहीर केलं, या शनिवारचे पाहुणे पार्षदजी.

मी अकरा प्रश्न लिहून दिले. मामांनी चष्मा लावून सगळे वाचले, "शुद्धलेखन उत्तम" म्हणाले आणि कागद खिशात घातला. शुक्रवारी पार्षदांकडून पेढ्यांचा डबा आला. त्याच संध्याकाळी मामांच्या दारासमोरचा, दिवाळीपासून बंद पडलेला खांबावरचा दिवा पेटला. मी काही दूधखुळी नाही.

शनिवारी पहिला भाग झाला तेव्हा मला वाटलं, मी चुकले, मामा आपलेच. "यात्रीगण ध्यान दें. पार्षदजी, जो चुनाव से पहले हर दरवाज़े पर रुकते थे, अब मार्ग के किसी भी स्टेशन पर नहीं रुकेंगे." पार्षद बाजूला बसून ऐकत होते, कसंनुसं हसत होते. मग ते खुर्चीवर आले. मी श्वास रोखला. मामांनी पहिला प्रश्न टाकला, "भैया, घर में सब्ज़ी कौन लाता है?"

"आज भी अम्मा ही लाती हैं, मामाजी. हम पे भरोसा ही नहीं करतीं."

"किससे लाती हैं?"

"रामकली से, और किससे! हम छोटे थे तो अम्मा हमें उसी की टोकरी के पास बैठाके राशन लेने चली जाती थीं. रामकली हमें मूली पकड़ा देती थी कि रोएँ नहीं."

मामी हसल्या. मामाही हसले. म्हणाले, "तो अब अम्मा मैदान तक जाएँगी, इस उमर में?"

पार्षद मान हलवत म्हणाले, "अम्मा से कौन कहेगा, मामाजी? हममें तो हिम्मत नहीं. बैठी रहने दो, क्या बिगड़ता है किसी का." आणि मामांनी लगेच विचारलं, बथुआच्या पराठ्यात अम्मा ओवा घालतात की नाही. पुढचा सगळा वेळ ओवा.

माझा तिळपापड झाला. माझ्या अकरांपैकी एकही प्रश्न नाही! आणि ते "बैठी रहने दो"? हसत हसत, पराठ्याच्या आधी टाकलेलं वाक्य. आमच्याकडे सहीशिक्क्याशिवाय मागणी मान्य झाली असं कुणी मानत नाही. हसत दिलेलं आश्वासन मी आश्वासनात धरतच नाही. मला दिसलं ते एवढंच, की दोन पुरुष बायकांच्या पोटावर बसून पराठ्याच्या गप्पा मारताहेत. पर्चा पाठपोट दोनच पानांचा असतो, त्यात गुळमुळीत मजकुराला जागा नसते, हेच मी शिकलेय. मामा जेवून नऊला झोपले. मी दुसरा भाग अख्खा कापला आणि साडेअकराला नुसती टिंगल लावून दिली.

पार्षदांनी त्या रात्री आईला जागं ठेवून टीव्हीसमोर बसवलं होतं. शेजारपाजारचे बोलावले होते. आपली मुलाखत आहे म्हणून. त्या सगळ्यांनी पाहिलं काय, तर कुठल्याच स्टेशनवर न थांबणारे पार्षद. मग शुभ रात्री. सकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येकाच्या फोनवर, पोरं त्यांच्या स्कूटरमागे तेच ओरडत. मंगळवारी सकाळी महापालिकेचा ट्रक आला आणि बायकांच्या टोपल्या उचलून मैदानात नेऊन टाकल्या. रामकलीचा बथुआ रस्ताभर सांडला होता, त्यावरून रिक्षा जात होत्या.

मामांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, घोषणेच्याच पट्टीत विचारलं, "दुसरा भाग?"

"काढला."

"का गं?"

"मला वाटलं, तुम्ही विकले गेलात."

"कितीला?"

"पेढ्यांच्या डब्याला."

मामांनी जरा विचार केला. "त्यातले निम्मे तर तूच खाल्लेस."

हे खरं होतं. मी रडले. मामींनी चहा दिला.

मग मामांनी निळा कोट घातला, या खेपेला खाली पँटही घातली, आणि माझा फोन घेऊन पार्षदांकडे निघाले. मी मागोमाग. दारातच हात जोडले, "भैया, ग़लती हमारे यहाँ की है." माझं नाव घेतलं नाही. पार्षद तोंड फिरवून उभे राहिले. पण आतून त्यांची आई आली, म्हणाली, दाखवा. मामांनी तिला अख्खी मुलाखत दाखवली. मुळा आला तेव्हा ती हसली. "बैठी रहने दो" आलं, तेव्हा तिनं मुलाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तो कल बथुआ कहाँ से लाऊँ, ये बता दे."

पंधरवड्यानं बायका भिंतीलगत परत आल्या. पण चारचौघांत चेष्टा झालेला माणूस पुरतं मागं येत नाही. सकाळी दहापर्यंतच बसायचं, असं ठरलं. पूर्वी दिवस मावळेतो बसायच्या. दहाला शिपाई येतो, काठी भिंतीवर आपटतो. निम्मी भाजी विकली जाते, उरलेली परत बसमध्ये. शनिवारच्या शनिवारी ती मुलाखत जशीच्या तशी लागली असती, तर त्या दिवसभर बसल्या असत्या का? मामा म्हणतात, कुणाला ठाऊक. हे ते माझ्यासाठी म्हणतात, असा मला संशय आहे.

आणि मामांच्या शोला आता कुणी नामांकित येत नाही. गावात झालंय, उनके यहाँ आधा काट देते हैं. प्रेताचं काम केलेला नटसुद्धा म्हणाला, सध्या वेळ नाही.

गेल्या शनिवारी मामांनी रामकलीला बोलावलं. दहाला भिंतीजवळून उठवल्यावर बस येईपर्यंत तिला वेळ असतोच, म्हणून रजया सकाळीच टांगल्या. ती आली, खुर्चीकडे पाहिलं आणि खाली सतरंजीवर बसली. "हम तौ नैचें बैठहैं, बाबूजी." मग मामाही एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर ठेवत टप्प्याटप्प्यानं खाली आले, आणि मी फोन स्टुलावरून काढून जमिनीशी धरला. त्या दिवशी टिंगलीचा भाग त्यांनी केलाच नाही. म्हणाले, "रामकलीबाई, बस में खिड़की मिलती है?"

ती पदरात हसली. हा काय विचारायचा सवाल!

"मिलत तौ है, बाबूजी. पै भुनसारें अँधयारो रत, का देखनें? साँज की बस में सो जात ते." मग टोपली जवळ ओढली. "अब दस बजे उठा देत, सो उजयारे में लौटत. अब ताल दिखात."

इतकी वर्षं त्याच बसनं जाते-येते, पहाटे अंधारात, संध्याकाळी झोपेत. स्वतःच्या गावचा तलाव खिडकीतून ती आत्ता आत्ता, भरदिवसा, पाहायला लागली आहे.

"कैसा दिखता है?" मामांनी विचारलं.

"नोनो लगत," ती म्हणाली. छान दिसतो. आणि उरलेल्या भाजीच्या टोपलीवर हात ठेवून बसून राहिली. मामांनी पुढे काही विचारलं नाही. मीही काही कापलेलं नाही.