आजोबांच्या मिगासला माझी फोडणी

स्पेनमधल्या एका आजोबांच्या आठवडाभराच्या कष्टांना मी मोहरीची फोडणी दिली आहे.

पुंगोलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पिलार राहते. तिने गेल्या वर्षी वडिलांना इकडे आणलं. बायको गेल्यावर ते डोंगरातल्या गावात अगदी एकटे पडले होते. येताना आजोबांनी एका बॅगेत जाडजूड लोकरी स्वेटर आणले (सिंगापुरात!) आणि दुसरीत परातीएवढी लोखंडी कढई.

आल्यापासून ते खिडकीपाशी गप्प बसून असायचे. ताट पुढ्यात आलं की चमच्याने ढवळत राहायचे. शेवटी त्यांनी लेकीमागे धोशा लावला, "मला घरी पाठव!"

मग पिलारला एक युक्ती सुचली. त्यांच्या गावात थंडीत सगळे मिळून 'मिगास' करतात. शिळा ब्रेड बारीक कुस्करायचा, पाण्याचा हबका मारून रात्रभर फडक्याखाली मुरू द्यायचा आणि सकाळी लसूण घालून तेलात परतायचा. सोबत द्राक्षं. सगळं गाव एकाच कढईभोवती उभं राहतं. एक चमचा खायचा आणि एक पाऊल मागे सरायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा होते.

हे ऐकून आजोबा एकदम कामाला लागले. आठवडाभर त्यांनी ब्रेड वाळवला. (इथल्या दमट हवेत पापड वाळवून पाहिलेल्यांना यातली तपश्चर्या कळेल.) शुक्रवारी तो खिशातल्या चाकूने बारीक केला आणि पाणी शिंपडून एका पातेल्यात मुरत ठेवला. पिलारच्या ओट्यावर कढईशिवाय कशालाच जागा उरली नव्हती, म्हणून ते पातेलं रात्रीपुरतं आमच्या ओट्यावर आलं.

आता, हे सगळं घरात कुणाला माहीत नव्हतं? मला!

शनिवारी सकाळी माझी बायको वैशाली आमच्या ईशानला पोहायला घेऊन निघाली. मी शॉवरखाली होतो. ती दारातून ओरडली, "ओट्यावरच्या पातेल्याला हात लावू नकोस!" मला 'ओट्यावरच्या पातेल्या'पर्यंतच ऐकू आलं. मी जोरात "हो!" म्हणालो. (लग्नाला बारा वर्षं झाली की 'हो' आधी येतं, ऐकणं मागाहून.)

बाहेर येऊन फडकं उचललं, तर आत कुस्करलेला ब्रेड! मला भरून आलं. बिचारीने जाता जाता माझ्यासाठी फोडणीच्या ब्रेडची तयारी करून ठेवली होती. तेल तापवलं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरच्या, शेंगदाणे. वर चिमूटभर साखर, लिंबू पिळलं. दोन डिश खाल्ल्या आणि फोटो काढून वैशालीला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्यासाठी ठेवलाय!'

लगेच फोन.

"अरे, काय केलंस तू हे?"

"फोडणीचा ब्रेड. कोथिंबीर नव्हती, तेवढं—"

"तो पिलारच्या वडिलांचा आहे! अकराला सगळे जमतायत तिकडे!"

मी चप्पल अडकवली आणि खालच्या सुपरमार्केटात धावलो. "शिळा ब्रेड आहे का?" असं विचारल्यावर तिथल्या आंटीने मला आधी ताजा दाखवला, मग त्याहून ताजा दाखवला. मी आणखी शिळा मागत राहिलो, तेव्हा तिने मॅनेजरला बोलावलं. शेवटी कापसासारखा मऊ ब्रेड घेऊन घरी आलो. ओव्हनमध्ये भाजला, तर वरून कोळसा आणि आतून शिरा! उरलेल्या स्लाइस पंख्याखाली पसरून मी त्यांच्यावर वैशालीचा हेअर ड्रायर रोखला. तेवढ्यात ती दोघं परत आली. ईशानने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि निकाल दिला, "डॅडी, लाइक दॅट कॅनॉट ला!" (अस्सल सिंगापुरी इंग्रजीत, 'हे असं नाही चालायचं!')

आणि बेल वाजली.

दारात पिलार. तिच्यामागे द्राक्षांचा वाडगा घेतलेले आजोबा. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, आणि चेहऱ्यावर चक्क हसू! मी पिवळंधमक पातेलं पुढे केलं.

आजोबांनी वास घेतला. हसू मावळलं. पिलारने हळूच विचारलं, "केशर का रे?"

"हळद," मी म्हणालो. "आणि... दोन डिश कमी आहेत."

दुसरा ब्रेड नव्हताच. त्या दोघांनी तेच आपल्या घरी नेऊन कढईत ओतलं, लसूण घालून परतलं, आणि आम्ही सगळे कढईभोवती उभे राहिलो. आजोबांनी पहिला चमचा घेतला. दाताखाली कढीपत्ता आला. तो त्यांनी बाहेर काढून उजेडात धरला. मग मिरची आली. चेहरा लाल झाला, आणि इतके महिने गप्प असलेला तो माणूस असा काही बोलायला लागला, की समोरच्या ब्लॉकमधले लोक खिडकीत आले! मी एक पाऊल मागे सरलो. ते एक पाऊल पुढे आले. असं करत मी थेट सोफ्यावर जाऊन बसलो.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

पिलार डोळे पुसत होती, पण हसतही होती. "म्हणतायत, या माणसाला मिगास शिकवल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही!"

आणि खरंच, परतीच्या तिकिटाचा विषय मागे पडला. आता दर शनिवारी आजोबा आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. मी ब्रेड कुस्करतो, ते टेबलावर हात आपटून ओरडतात आणि मग पोटभर जेवतात. मला ते प्रेमाने 'बुर्रो' म्हणतात. 'बाळा'सारखं काहीतरी असणार, असं मी धरून चाललो होतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी गावकऱ्यांना मला दाखवलं, "बुर्रो!" मीही हात जोडून म्हणालो, "हो, हो, मीच बुर्रो!" तिकडे सगळं गाव हसून हसून लोळलं. केवढी माणसं आपल्याला पाहून खूश होतात, म्हणून मी हरखलो आणि पिलारला त्या शब्दाचा नेमका अर्थ विचारला.

"गाढव," ती म्हणाली.

मी तणतणत घरी येऊन वैशालीला सांगितलं. तिने कौतुकाने समोरच्या दाराकडे पाहिलं.

"माणूस हुशार आहे हं," ती म्हणाली. "भाषा येत नसताना ओळखलं! मला आपण दोघं मराठी असूनही सहा महिने लागले होते."