थोडक्यात की सगळं?

ऑफिसात त्याला सगळे घुम्या म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चहाला चार जण गप्पा मारत, तेव्हा हा कपात बघत बसे. घरी बायकोने ‘आज काय झालं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही नाही.’ गंमत अशी, की त्याने लिहिलेला प्रोग्रॅम मात्र पक्का वाचाळ होता.

प्रोग्रॅम छोटासाच. सुट्ट्या वगळून पुढची तारीख काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. ऑफिसातल्या एका टीमने वाचनालयासाठी, दुसरीने दवाखान्यासाठी तो आपापल्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये बसवला होता. पण ‘यादी वाचली, रविवार वगळला’ अशी प्रत्येक पायरीची नोंद तो थेट पडद्यावर टाकायचा. पुस्तक बदलायला आलेले वाचकही ती वाचून हसू लागले.

“तुझ्या लेकराला आवर रे बाबा,” वाचनालयाचं काम बघणारी म्हणाली.

घुम्याला ते फार लागलं. त्याने फणकाऱ्याने सगळ्या नोंदीच काढून टाकल्या. बोललंच नाही तर भांडण नाही, हा त्याचा जन्माचा नियम.

झालं, आगीतून फुफाट्यात! एकदा दवाखान्याकडून सुट्ट्यांची यादी रिकामी आली. प्रोग्रॅमला ते कळलं, पण तो मूग गिळून बसला आणि नेमक्या सुट्टीच्या दिवशीच्या वेळा त्याने वाटून टाकल्या. म्हातारीकोतारी माणसं बंद दारापुढे ताटकळली. चूक कुठे झाली ते शोधताना टीमच्या नाकी नऊ आले.

“शुक्रवारी सोक्षमोक्ष लावू,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “जमत नसेल तर याचा प्रोग्रॅम काढून टाकू आणि बाहेरचा तयार घेऊ.”

इतकी वर्षं जपलेलं काम. घुम्याला जेवण जाईना.

बायको नर्स होती, पण तिला ठरलेला वॉर्ड नव्हता. आज इथे, उद्या तिथे. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे गडी बोलला. ऐकून ती हसलीच.

“अरे, मीही रोज दुसऱ्याच्या वॉर्डात पाहुणीच की! दिसलं ते सांगते, पण व्हरांड्यात ओरडत नाही. तिथल्या सिस्टरना सांगते. फळ्यावर लिहायचं की फाइलमध्ये, ते त्यांचं त्या बघतात. कुणी म्हणतं थोडक्यात सांग, कुणाला सगळं लागतं.”

घुम्याचा घास हातातच राहिला.

त्याने प्रोग्रॅमला पुन्हा वाचा दिली, पण आता तो ज्या मोठ्या प्रोग्रॅमच्या घरी राहील त्याच्याच कानात बोलणार होता. कुठे आणि किती लिहायचं, ते यजमानाने ठरवायचं. वाचनालयाने फक्त चुका मागितल्या, त्याही आपल्या फाइलमध्ये. दवाखान्याला बारीकसारीक सगळं हवं होतं, आणि चूक दिसली तर लगेच फोनवर निरोपही.

शुक्रवारी घुम्याने सगळ्यांसमोर मुद्दाम रिकामी यादी दिली. दवाखान्याच्या टीमचा फोन तिथल्या तिथे वाजला: ‘सुट्ट्यांची यादी रिकामी आहे.’ वाचनालयाचा पडदा मात्र स्वच्छ, आणि चूक गुपचूप फाइलमध्ये. मग घुम्या उभा राहिला आणि आपलं कुठे चुकलं होतं तेही सांगून मोकळा झाला. इतकं बोलताना त्याला कुणी पाहिलंच नव्हतं.

“राहू दे याचाच,” मॅनेजरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी बायको दमून घरी आली. सवयीनेच तिने विचारलं, “आज काय झालं?”

‘काही नाही’ त्याच्या ओठांवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

“थोडक्यात सांगू की सगळं?”

चपला काढता काढता ती थांबली. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

“सगळं,” ती म्हणाली.