सारवलेला डोंगर

पुढच्या तीस वर्षांत पाऊस कसा बदलेल आणि आमच्या शेतांचं काय होईल, हे दाखवायला सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर एक सर आले होते. त्यांनी शाळेपुढे मातीचा डोंगर करायला सांगितला. मी चूल चांगली घालते म्हणून बायांनी मलाच पुढे ढकललं. मी डोंगर केला आणि हाताच्या सवयीने शेणाने सारवूनही टाकला. पायथ्याशी प्रत्येकीने आपल्या शेताच्या जागी मूठभर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे ठेवले.

सर म्हणाले, "पुढे पाऊस थोड्याच दिवसांत कोसळेल." आणि त्यांनी कळशी एकदम ओतली. सगळी नागली वाहून गेली, माझी सगळ्यात आधी.

"अगं, डोंगर कोणी सारवतं का?" मोठी जाऊ ओरडली. "आता पाहुणे बसव त्यावर!"

सगळ्या हसल्या. मला तोंड लपवावंसं वाटलं. पण त्या गुळगुळीत डोंगरात मला आमचा वरचा माळ दिसला. झाडं गेल्यापासून तो असाच उघडा होता, आणि माझं शेत त्याच्याच खाली. मी बोटांनी आडवे चर ओढले, काठाने गवत रोवलं, पुन्हा नागली ठेवली आणि सरांकडे कळशी सरकवली.

पाणी चरांत थांबलं. थोडं ओघळलं, पण माझी मूठभर नागली जागेवरच होती.

"राहिली!" मी एवढ्याने ओरडले की जाऊही वाकून बघायला आली.

त्या उन्हाळ्यात आम्ही माळावर खरे चर खणायला गेलो. सगळ्यांच्या पुढे मी होते.