काकांचं कपाट आणि अकरावा डबा

काकूंच्या हातच्या बेसन लाडवांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बराचसा. जिथे मी स्वतः नव्हतो तिथलं काकांनी सांगितलंय, आणि काका सांगायला लागले की थोडं... असो. आमच्या ऑफिसात किस्से जुन्या पार्टसारखेच साठतात यार. कोणी टाकत नाही, आणि कुठला कधी लागेल सांगता येत नाही.

रोहन, तू चहा टाक. तुझ्याच घरी जमलोय तर सुरुवातीपासून सांगतो.

आमची शॉमबर्गमधली छोटीशी कंपनी. कस्टमरचं मशीन वीस-तीस वर्षं जुनं, पण ठणठणीत. आतल्या बोर्डवरचा एक पार्ट मेलेला, आणि तो बनवणारी कंपनी त्याच्याही आधी मेलेली. त्या जागी चालेल असा दुसरा पार्ट शोधायचा, हे आमचं काम. मी कॉम्प्युटरवर शोधतो. जोगळेकर काका कपाटात शोधतात. काका जिंकतात.

कपाट म्हणजे काय? दह्याचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे, स्वच्छ धुतलेले, ओळीने लावलेले. आत फॉइलमध्ये गुंडाळलेले पार्ट. झाकणावर लेबल, पण त्यावर नंबर नाही, पार्ट कुठून काढला ते लिहिलेलं. 'शर्मांचा मायक्रोवेव्ह.' 'देवळाचा अँप्लिफायर.' तीस वर्षं जमवलंय. काकू त्याला "माझी सवत" म्हणतात.

आमचा मॅनेजर ब्रायन. त्याला हे कपाट बघवत नाही. या वर्षी त्याने सरळ सांगून टाकलं, "मी मागितलेला एक पार्ट जरी यात मिळाला नाही, तर सगळं कपाट रिसायकलिंगला."

काका म्हणाले, "ओके, ब्रायन." आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

*

पहिलाच कस्टमर आला कार वॉशवाला. त्याच्या मशीनचा बझर गेलेला, आणि तसला बझर आता जगात कोणी बनवत नाही. काकांनी दोन मिनिटांत 'शर्मांचा मायक्रोवेव्ह' उघडला आणि त्यातला बसवून दिला.

आठवड्याने त्याचा फोन. "चालतंय एकदम मस्त. पण गाडी धुऊन झाली की पाच वेळा टूं टूं वाजतं, आणि लोक गाडीतून उतरून दार परत उघडून आत बघतात!"

काका म्हणाले, "गरम झालंय का बघत असतील."

*

मग मी ठरवलं, आपणही एकदा जिंकायचं. एक आयसी, म्हणजे चिप, कुठेच मिळत नव्हता, तो मी ऑनलाइन शोधून मागवला. नवा कोरा, वर चकचकीत नंबर. काकांनी काकूंचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं आणि आयसीवर घासलं. नंबर गेला. खाली दुसरा नंबर. परत घासलं. खाली तिसरा!

"तीनदा नाव बदललंय," काका म्हणाले. "ग्रीन कार्ड हवं असेल बिचाऱ्याला."

मी विकणाऱ्याला मेल केला. त्याचं उत्तर आलं, "तुम्हाला कुठला नंबर हवा होता? छापून पाठवतो."

*

आता हा किस्सा मी कोणालाच सांगितला नव्हता, कारण यात मी मूर्ख ठरतो. काकांची फिरकी घ्यायची म्हणून मी एक पार्ट नंबर स्वतः बनवला. आमच्या नागपूरच्या घराचा लँडलाइन नंबर, पुढे दोन इंग्लिश अक्षरं चिकटवली. चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "काका, अर्जंट आहे."

काका कपाटाकडे गेले. दहा मिनिटं डब्यांची खुडबुड. परत आले आणि फॉइलची पुडी माझ्या टेबलवर ठेवली.

"दोनच आहेत. जपून वापर."

उघडून पाहिलं. दोन पार्ट. दोन्हींवर आमचा लँडलाइन नंबर, पुढे तीच अक्षरं. मी अजून घरी विचारलेलं नाही. आईला काय विचारू?

*

आणि आता या सोमवारचं.

एका बेकरीचा ओव्हन बंद पडला. आतल्या बोर्डवरचा एक आयसी गेलेला. ब्रायन स्वतः कपाटापाशी येऊन उभा राहिला, हातांची घडी घालून.

"आहे," काका म्हणाले. "'जुना व्हीसीआर'. चार आहेत." डबा काढला, झाकण उघडलं, फॉइल बाजूला केलं.

आत चार बेसन लाडू.

ब्रायनने एक उचलला. खाल्ला. डोळे मिटले. म्हणाला, "इट्स रिअली गुड. व्हेअर इज द पार्ट?"

काका पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

मी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "अरे, दिवाळीत तुम्हा एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी अकरा डबे भरले मी टेबलवर. बारावा ह्यांचा होता, साफसफाईला घरी आणलेला. झाकणं उघडीच होती सगळी. डबेही तेच आणि फॉइलही तेच, कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, मला मेलीला काय कळणार?"

म्हणजे काका लाडू घेऊन ऑफिसला आले, आणि अकरांपैकी एका घरी लाडवांऐवजी आयसी गेले!

बरं, तक्रार कोणाचीच नाही. मी ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. अकराच्या अकरा जणांनी लाडवांचं कौतुक केलंय! "एक नंबर, काकू!" "घरची आठवण आली!" सगळ्यांनी. ज्याच्याकडे आयसी गेले, त्यालाही खरं बोलवलं नाही.

ब्रायनने उद्या सकाळी नऊपर्यंतचा वेळ दिलाय. रिसायकलिंगचा ट्रक त्याने बुक केलाय. काकांनी तीन दिवस जेवणाचा डबा खाल्लेला नाही.

मी दारोदार फिरून दहा डबे गोळा केले. पहिला माझाच, तो निर्दोष. काकूंचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून एकात चिवडा आला, एकात ब्राउनी, एकाने घाबरून केळं ठेवलं. दहाही जणांकडे लाडूच गेले होते. तळाशी बेसनाचा चुरा मी स्वतः बोट फिरवून चाखलाय.

राहिला अकरावा.

रोहन, चहा राहू दे. इकडे ये. ग्रुपवर तू काय लिहिलं होतंस? स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, वाचतो: "काकू, तोंडात टाकला आणि विरघळला!"

हसू नका रे, त्याला बोलू द्या.

चल, काढ डबा. आणि रिकामा द्यायचा नाही हं.